नाताळची क्रूझ, आजीआजोबांसह

सीबीएसई आणि कॉन्व्हेंट शाळांना नाताळपासून नववर्षापर्यंत सुट्टी असते. पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी मुलं वर्षभराच्या उरलेल्या रजा त्याच आठवड्यात टाकून नागपूरला येतात. दिवाळीनंतर घरातल्या तीन पिढ्या एकत्र असण्याचा हा एवढाच काळ. ताडोबा आणि पेंचच्या सफारी केव्हाच भरलेल्या असतात, चिखलदऱ्याच्या थंडीत आजीचे गुडघे धरतात, आणि मग कुणीतरी मोबाइलवर मुंबई-गोवा क्रूझची जाहिरात दाखवतं. नाताळात क्रूझला जावं का, आणि गेलो तर तिथे नेमकं काय असतं, हे मला ओळखीच्या कित्येक घरांतून विचारलं जातं.

माझं उत्तर असं की घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर जरूर जा, आणि सगळी सहल त्यांच्या सोयीने आखा. तरुण पोरं कुठेही रमतात. म्हाताऱ्या माणसांना मात्र रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरणं, चार-चार तास गाडीत बसणं सोसत नाही. जहाजावर एकदा बॅग उघडली की परतीपर्यंत ती आवरावी लागत नाही. जेवण दोन मजले वर किंवा खाली, लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, दमलं की पाच मिनिटांत आपल्या खाटेवर पडता येतं. नातवंडं दिवसभर हुंदडून संध्याकाळी आजीच्या शेजारी येऊन बसतात. हे सुख खरं आहे. फक्त नाताळात ते सर्वांत महाग असतं आणि सर्वांत जास्त गर्दीत मिळतं, म्हणून तयारी जास्त लागते. नागपूरकरांची तर अर्धी तयारी जमिनीवरचीच असते.

कुठून कुठे

मुंबई-गोवा जलप्रवास आपल्याकडे नवा नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटी एका पिढीने अनुभवल्या आहेत. त्या पावसाळ्यात बंद असत. २० ऑक्टोबर २०१८ला याच मार्गावर ‘आंग्रिया’ ही आरामदायी प्रवासाची बोट सुरू झाली. तिच्या उद्घाटनाला तेव्हाचे जहाजबांधणी मंत्री नितीन गडकरी आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस होते, म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरातली दोन माणसं. आंग्रिया आता धावत नाही. सप्टेंबर २०२१पासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागलं आणि नागपूरच्या ट्रॅव्हल एजंटांकडे क्रूझ म्हटलं की बहुतेक वेळा याचंच नाव निघतं. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं आहे. अकरा मजले, लांबी दोनशे मीटरच्या वर. इंटरनेटवर दिसणाऱ्या परदेशी महाकाय जहाजांच्या मानाने ते लहान आणि जुनं आहे. ज्येष्ठांसाठी मी हे चांगलंच मानतो, कारण चालणं कमी पडतं आणि माणसं हरवत नाहीत. मोठ्या घसरगुंड्या आणि बर्फाची रिंग पाहण्याची आशा धरून मात्र मुलांना नेऊ नका.

दोन-तीन रात्रींची गोवा फेरी किंवा नुसती समुद्रात जाऊन परत येणारी फेरी, आणि पाचेक रात्रींची लक्षद्वीपची फेरी, असे साधारण पर्याय असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गोव्याची छोटी फेरी घ्यावी. डिसेंबरमध्ये अरबी समुद्र शांत असतो, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर केव्हाच ओसरलेला असतो. बंगालच्या उपसागराचं उलट आहे. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. २०२२च्या डिसेंबरमध्ये ‘मंदौस’ आणि २०२३च्या डिसेंबरमध्ये ‘मिचाँग’ त्याच किनाऱ्यावर आदळली. चेन्नई आपल्याला ग्रँड ट्रंक किंवा तमिळनाडू एक्स्प्रेसने सोयीचं आहे खरं, पण वयस्कर माणसांना घेऊन डिसेंबरात मी अरबी समुद्रच निवडेन.

सिंगापूरहून निघणाऱ्या मोठ्या जहाजांचाही पर्याय असतो. नागपूरहून तिकडे थेट विमान नाही, व्हिसा लागतो, आणि जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन सिंगापूरला परत येत असल्याने पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा आहे ना, हे तपासावं लागतं. परदेशी पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरताना कराच्या हिशेबात धरता येतो, पण तोवर पैसा अडकतो. पहिली क्रूझ देशातलीच करा.

पैशाचा हिशेब

जाहिरातीतला आकडा बहुधा माणशी असतो, आणि तोही एका खोलीत दोघं धरून. त्यावर बंदर शुल्क, जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीचं सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या फेऱ्यांना सणाचा वेगळा अधिभार असू शकतो. एजंटाला एकच प्रश्न विचारा: ‘आम्ही सहा जण जहाजावर पाय ठेवेपर्यंत एकूण किती द्यायचे?’ आणि उत्तर लेखी घ्या. त्यानंतर जहाजावर कशाकशाचे वेगळे पैसे पडतात, हे विचारा. नेहमीची जेवणं, करमणुकीचे बहुतेक कार्यक्रम, तरणतलाव भाड्यात असतात. दारू, वेगळ्या उपाहारगृहातलं खास जेवण, स्पा, वायफाय, बंदरावरच्या सहली आणि डॉक्टरची तपासणी भाड्यात नसते. शीतपेयं भाड्यात आहेत की नाहीत, हे मुलं असलेल्या घरांनी आवर्जून विचारावं. जहाजावर रोख चालत नाही. खोलीची किल्ली असलेल्या कार्डावर खर्च चढत जातो आणि शेवटी हिशेब होतो. प्रत्येकाच्या हाती कार्ड असतं, म्हणून पोरांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते का, हे पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारा.

एकट्या माणसाने खोली घेतली तर जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. आजी एकट्या असतील तर दहा-बारा वर्षांच्या नातीला त्यांच्यासोबत ठेवा. पैसे वाचतात आणि रात्री त्यांना उठायचं झालं तर कुणी जवळ असतं. शेजारच्या खोलीत आईवडील. खोल्या लागून हव्यात, हे आरक्षणाच्या वेळीच सांगावं लागतं. नाताळच्या गर्दीत आयत्या वेळी खोली बदलून मिळत नाही.

सुट्टीचं बंधन नसलेल्या घरांना माझा आग्रह आहे की १५ ते २० डिसेंबरच्या दरम्यान जा. समुद्र तोच, जहाज तेच, झाडही तोवर सजलेलं असतं, आणि भाडं सहसा कमी. राज्य मंडळाच्या शाळांना नाताळची लांब सुट्टी नसतेच, तेव्हा त्या मुलांचे दोन दिवस कधीही बुडणारच. नागपूरकरांना यात एक अडचण आहे. हिवाळी अधिवेशन डिसेंबरातच असतं, आणि ते संपण्याच्या दिवशी मुंबईकडे जाणारी विमानं आणि गाड्या आमदार, अधिकारी आणि पत्रकारांनी भरून जातात. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्या शेवटच्या दोन दिवसांचं तिकीट टाळा.

मुंबई गाठणं

जहाज कुणासाठी थांबत नाही. गाडी उशिरा आली, विमान रद्द झालं, फ्रीवेवर अडकलो, यातलं कुठलंही कारण तिथे चालत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून मुंबईत आदल्या दिवशी पोहोचा. सकाळी सीएसएमटीला उतरून दुपारी जहाजात चढू, असा बेत कागदावर जमतो. पण रात्रभर प्रवास करून आलेल्या आजोबांना चार तास रांगेत आणि बाकड्यावर काढावे लागले तर पुढचा सगळा दिवस ते झोपूनच काढतील. एक रात्र मुंबईत काढायचा खर्च सहलीच्या हिशेबात पहिल्यापासून धरा.

रेल्वेने जात असाल तर विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतो पाहा. एक गोंदियाहून निघते, दुसरी नागपूरहूनच, त्यामुळे लांबून येणाऱ्या गाड्यांइतका उशीर त्यांच्या पदरात आधीच पडलेला नसतो. हावड्याहून येणाऱ्या गाड्यांवर या सहलीसाठी विसंबू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २३ डिसेंबरच्या गाडीसाठी २४ ऑक्टोबरला सकाळीच बसावं लागेल. सणासुदीच्या गडबडीत ही तारीख हमखास निसटते. आजीआजोबांचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर लागू होतो, सहा जणांच्या एकत्र तिकिटावर तो मिळत नाही.

सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर अगदी जवळ, टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५मध्ये झालं. आपल्या जहाजावर नेमकं कुठल्या प्रवेशद्वाराने चढायचं, हे बोर्डिंग पासवर पाहा आणि टॅक्सीवाल्याला तेच सांगा. मुक्काम फोर्ट, बॅलार्ड इस्टेट किंवा फार तर दादर परिसरात घ्या. नातेवाईक वाशीला किंवा कल्याणला राहतात म्हणून तिथे उतरणं प्रेमाचं असलं तरी जहाजाच्या दिवशी ते महागात पडू शकतं.

विमानाने जाणाऱ्यांनी तिकिटावर विमानतळाचं नाव वाचावं. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्याने ‘मुंबई’चे आता दोन अर्थ होतात. नवी मुंबईला उतरलात तर अटल सेतूवरून शिवडी आणि तिथून ईस्टर्न फ्रीवेने थेट गोदीच्या भागात येता येतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, फक्त टॅक्सीचं भाडं आणि सेतूचा टोल धरा.

समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये शेवटच्या इगतपुरी-आमणे टप्प्यासह पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरची सरळ वाट पाहून अनेकांना गाडी काढावीशी वाटते. वयस्कर माणसं सोबत असतील तर मी नको म्हणेन. आमणेनंतर भिवंडी-ठाण्याची कोंडी वेगळीच असते, आणि जहाज परतेपर्यंत गाडी कुठे ठेवायची हाही प्रश्न. जायचंच असेल तर मध्ये नाशिक किंवा शिर्डीला रात्र काढा, आणि गाडी ठेवण्याची सोय आधी पक्की करा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून चालवायला दोघं तरी असू द्या.

कपड्यांचं म्हणाल तर नागपुरात पारा दहाच्या आसपास असतो तेव्हा मुंबईत दुपारी घाम फुटतो. स्वेटर गाडीत लागेल, आणि जहाजाच्या आतही लागेल, कारण वातानुकूलन जोरात असतं. डेकवर रात्री वारा असतो. आजोबांची कानटोपी आणि आजीची शाल बॅगेच्या तळाशी टाकू नका.

खोली निवडताना

एजंट पहिल्यांदा खिडकी आणि बाल्कनी विचारतो. माझ्या मते त्याआधी खोलीची जागा विचारावी. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांवर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. टोकांना आणि वर ते जास्त जाणवतात. दुसरी गोष्ट आवाजाची. नाताळच्या आठवड्यात तरणतलावाजवळ आणि नाचाच्या दालनात पहाटेपर्यंत संगीत चालतं. त्याच्या बरोबर खाली किंवा वर असलेल्या खोलीत झोप येत नाही. मजल्यांचा नकाशा मागा, आणि जिच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत अशी खोली घ्या. लिफ्टपासून जवळ असावी, पण अगदी समोर नको.

आतल्या, बिनखिडकीच्या खोल्या सर्वांत स्वस्त असतात. तरुणांना त्या चालतात, कारण ते खोलीत नसतातच. दिवसातून दोनदा आडवं होणाऱ्या माणसाला खिडकी द्या. दिवे मालवल्यावर आतल्या खोलीत दिवस की रात्र हेच कळत नाही आणि त्याने वयस्कर माणसं गोंधळतात. जुन्या जहाजातली साधी खोली दहा बाय बारा फुटांच्या आसपास असते, स्नानगृह त्याहून कितीतरी लहान, आणि त्याच्या दाराशी उंच उंबरठा असतो. पहिल्या दिवशी आजीला तो हाताने दाखवा आणि रात्री स्नानगृहाचा दिवा चालू ठेवा. चार जणांच्या खोलीत दोन खाटा वरून उघडणाऱ्या असतात, शिडीच्या. त्या फक्त मुलांसाठी. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या मोजक्या खोल्या असतात, आणि नाताळात त्या सर्वांत आधी संपतात.

औषधं नेहमीपेक्षा तीन दिवस जास्तीची घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. ही पिशवी हातात असू द्या. चढताना मोठ्या बॅगा काढून घेतल्या जातात आणि त्या खोलीत यायला संध्याकाळ होते. इन्सुलिनसाठी फ्रिज लागत असेल तर आधी कळवा. अलीकडे हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारल्याशिवाय जाऊ नका. जहाजावरचे डॉक्टर प्राथमिक उपचार उत्तम करतात, पण समुद्रात मध्यरात्री अँजिओग्राफी होत नाही. प्रवास विमा घेताना जहाजावरचे उपचार आणि जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे वाचून पाहा. गरोदर स्त्रियांना साधारण २४ आठवड्यांपुढे आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

गाडी लागते तशी बोटही लागते. ज्यांना चिखलदऱ्याच्या घाटात मळमळतं त्यांनी जहाज निघण्याआधीच, डॉक्टरांना विचारून, गोळी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. पोट अगदी रिकामं ठेवू नका, आलं चघळा, डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहा. मोबाइलकडे पाहत खोलीत पडून राहिलं तर त्रास वाढतो. बहुतेकांना पहिल्या रात्रीनंतर बरं वाटतं.

जहाजावरचा नाताळ

चढल्यावर पहिलं काम सुरक्षेच्या कवायतीचं असतं. जीवरक्षक जाकीट कसं घालायचं आणि धोक्याचा भोंगा वाजला तर कुठे जमायचं, हे दाखवतात. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्ता कॉनकॉर्डिया’ कलंडली आणि ३२ जण गेले. नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची ही कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. सेल्फीच्या नादात ती चुकवू नका. कवायत संपली की आजीआजोबांना घेऊन खोलीपासून त्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालत जा, कारण खऱ्या प्रसंगी लिफ्ट बंद असतात. लहान मुलांच्या मापाची जाकिटं खोलीत नसतील तर लगेच मागून घ्या. बाल्कनी असेल तर तिथली खुर्ची कठड्यापासून दूर ठेवा.

किनारा मागे पडला की तासा-दोन तासांत फोनचं नेटवर्क जातं. त्यानंतर फोन जहाजावरचं उपग्रहाचं महागडं नेटवर्क पकडू शकतो, म्हणून सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाका, आजोबांचाही. घरी राहिलेल्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही. परतीची तिकिटं आणि ओळखपत्रं कागदावर घ्या. देशांतर्गत फेरीला आधारसारखं छायाचित्राचं ओळखपत्र चालतं, परदेशी पारपत्र असलेल्या सुना-जावयांना मात्र पारपत्र लागेल.

२४ तारखेच्या संध्याकाळी मधल्या मोठ्या दालनात झाड उजळलेलं असतं, केक कापला जातो, सांताक्लॉज मुलांना खाऊ वाटतो. त्यापुढे भारतीय जहाजावरचा नाताळ म्हणजे मुख्यतः हिंदी गाणी, जादूचे प्रयोग, नाच आणि डीजे. सदर-मोहननगरात एसएफएस कॅथेड्रलजवळ मध्यरात्रीच्या प्रार्थनेला लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जहाजावर तसं धार्मिक वातावरण मिळणार नाही. आजीआजोबांसाठी रंगमंचावरचा संध्याकाळचा पहिला खेळ धरा आणि नाचाच्या दालनातून दहाच्या आत निघा. नाताळच्या दिवसांत प्रत्येक गोष्टीला रांग असते. नाश्त्याला साडेसातला गेलात तर खिडकीजवळची टेबलं मोकळी असतात, साडेनऊला बसायला जागा नसते. तरणतलाव लहान असतो, मुलांना सकाळीच उतरवा. दुपारी तीन ते पाच डेकवर सावलीतल्या खुर्च्या मिळतात, आणि आजीआजोबांना माझ्या मते तोच काळ सर्वांत आवडतो.

जहाजावर काम करणाऱ्यांत गोव्याची आणि केरळची बरीच माणसं भेटतात. गोव्यात पिढ्यानपिढ्या घरटी एक माणूस जहाजावर, ही कित्येक गावांची रीत आहे. त्यांच्या घरचा हा सर्वांत मोठा सण असतो आणि त्या रात्री ते आपल्याला वाढत असतात. २५ला सकाळी आपल्या मजल्यावरच्या माणसाला शुभेच्छा द्या, मुलांनाही द्यायला लावा.

जेवणाची काळजी नको. शाकाहारी आणि जैन जेवण भारतीय फेऱ्यांवर व्यवस्थित मिळतं. रस्सा नागपुरी असणार नाही, तेवढं घरच्या सावजीप्रेमींना आधी सांगून ठेवा. घरी शिजवलेलं अन्न, विजेची किटली, इस्त्री, बाहेरची दारू नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला चिवडा चालतो की नाही, ते कंपनीच्या यादीत पाहा. खर्ऱ्याची सवय असलेल्यांना आठवडाभर आधी प्रेमाने बजावा: जहाजावर तो नेता येणार नाही आणि थुंकल्यास दंड बसतो. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री घरात असतातच. ती रेल्वेच्या प्रवासात संपवा, परदेशी बंदरावर तर ताजं फळ घेऊन उतरूच नका. आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांवर नुसतं सॅनिटायझर पुरेसं पडत नाही.

उतरल्यावर

गोव्यात जहाज मार्मागोव्याला लागतं. तिथून पणजी तीसेक किलोमीटर. नाताळात रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा असतात आणि जहाज सुटण्याच्या कितीतरी आधी परत यावं लागतं. कळंगुट-बागा डोक्यातून काढून टाका. सकाळी जुन्या गोव्याला बॉम जेझू बासिलिका पाहून परत या, किंवा जवळच बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आणि किनारा करा. वाटेत घराघरांवर कागदी तारे आणि अंगणात मांडलेले गोठे दिसतील, ते गाडीतूनही पाहता येतात. बेबिंका आणि दोदोल वास्कोच्या बेकरीत मिळतात. ज्यांचे पाय दुखत आहेत त्यांनी उतरलंच पाहिजे असं नाही. सगळे खाली गेले की जहाज शांत होतं आणि डेक जवळजवळ आपलाच असतो.

लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, तो बहुधा कंपनी काढून देते, पण कागद वेळेत द्यावे लागतात. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. समुद्रात नांगर टाकून लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात. लाटा असतील तर ती बोट वरखाली होते आणि पाऊल नेमक्या क्षणी टाकावं लागतं. गुडघे कमजोर असणाऱ्यांनी हा मोह टाळावा. वारा जास्त असला तर उतरणंच रद्द होतं. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

बंदर रद्द होणं, क्रम बदलणं, हे सगळं कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं आणि त्यासाठी भाडं सहसा परत मिळत नाही. २०२२च्या नववर्षाला मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर सुमारे दोन हजार माणसं होती. कोविडच्या तपासणीत ६६ जण बाधित निघाले आणि जहाज मुंबईला परत आणावं लागलं. असं दरवर्षी होत नाही. तरी गोव्यातलं हॉटेल, पणजीतलं भाचीचं केळवण, असं काहीही त्या बंदरावर अवलंबून ठरवू नका.

परतीच्या आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी सकाळचे कपडे, दातांची कवळी, चष्मा आणि गोळ्या बाजूला काढा. सकाळी गटागटाने उतरवतात, सगळे बाहेर पडेपर्यंत दुपार होऊ शकते, म्हणून दुपारी दोनच्या आधीचं विमान घेऊ नका. रेल्वेने येणाऱ्यांना संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस सोयीची. दुरांतो मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते, तेव्हा २७ तारखेच्या रात्री बसायचं असेल तर तिकीट २८चं लागतं. या एका तारखेपायी कुटुंबंच्या कुटुंबं फलाटावर अडकतात. सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये सामान ठेवा, त्यासाठी बॅगांना कुलूप लागतं, आणि आजीआजोबांना जेवून दोन तास पडता येईल अशी एक खोली त्या दिवसापुरती स्टेशनजवळ घेऊन ठेवा.